नदीचं मूळ, नळाचं कूळ

मे महिन्यात आमच्या सोसायटीची विशेष सभा झाली. विषयपत्रिकेवर एकच विषय होता, टँकरचं बिल. बोअर आटलेले, महापालिकेचं पाणी एक वेळ आणि तेही करंगळीएवढ्या धारेने. सेक्रेटरींनी मांडलेला ठराव साधा होता. परवानगी मिळावी म्हणून बिल्डरने तळघरात सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प बसवून ठेवलाय, सगळे ज्याला एसटीपी म्हणतात तो. वीजबिल वाचवायचं म्हणून तो चार वर्षं बंद आहे. तो सुरू करू आणि त्यातलं पाणी फ्लशला नि बागेला वापरू. फ्लशची वेगळी पाइपलाइन आधीपासून होतीच. तिच्यातून इतकी वर्षं टँकरचं विकतचं पाणी वाहत होतं, एवढंच.

चौथ्या मजल्यावरच्या आजी उठल्या. “कितीही गाळा हो, पण ते मुळात कुठलं पाणी?”

सभा हसली. मीही हसलो. कोणीतरी मागून विचारलं, “आणि सणासुदीला काय करायचं?” त्यावर मात्र कोणी हसलं नाही. ठराव पुढे ढकलला गेला. जिना चढताना मला म्हण आठवली, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये. आणि मग हेही लक्षात आलं की रोज जे टँकर येत होते ते कुठल्या विहिरीतून, कुठल्या खाणीतून भरून येतात हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. ते कोणी विचारलंही नव्हतं.

या म्हणीतलंच तत्त्व एका संशोधकाने आपल्या कामाच्या मुळाशी ठेवलं होतं. लुकास फान फ्यूरेन हे त्यांचं नाव, दक्षिण आफ्रिकेतले. पाण्याची पारख त्याच्या इतिहासावरून करू नये, त्याच्या गुणवत्तेवरून करावी, हे त्यांचं वाक्य जगभरच्या सांडपाणी अभियंत्यांना पाठ असतं. ते नुसतं टाळ्यांचं वाक्य नव्हतं. १९६८ साली विंडहूक या शहरात, आजच्या नामिबियाच्या राजधानीत, मैलापाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या नळात सोडणारं जगातलं पहिलं केंद्र सुरू झालं, त्यामागे फान फ्यूरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम होतं. शहराच्या आसपास बारमाही नदी नाही, सगळ्यात जवळची शेकडो किलोमीटरवर. पाऊस आपल्या माणदेशाहूनही कमी आणि ऊन असं की धरणात साठवलेलं पाणी डोळ्यांदेखत उडून जातं. गोरियांगाब इथल्या त्या पहिल्या केंद्राची क्षमता दिवसाला ४३ लाख लिटर होती. २००२ मध्ये नवं केंद्र आलं, २ कोटी १० लाख लिटरचं. आता पन्नासहून अधिक वर्षं तिथले लोक हे पाणी पितात.

कसं पितात, हा प्रश्न मला यंत्रांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. ओझोन, वाळूचे थर, कोळशाचे थर, बारीक छिद्रांची पटलं, शेवटी क्लोरीन, हे सगळं तिथे आहे. पण त्याआधी एक गोष्ट आहे, ती साधी असली तरी आपल्याकडे सहसा नीट होत नाही. कारखान्यांचं सांडपाणी त्यांनी घरगुती सांडपाण्यात मिसळूच दिलं नाही. त्याची वाट वेगळी, त्याचं शुद्धीकरण वेगळं. शुद्ध झालेलं पाणी धरणाच्या पाण्यात ठरावीक प्रमाणातच मिसळायचं. दर टप्प्यावर तपासायचं आणि एखादा आकडा चुकला तर नळाकडची वाट बंद करायची. म्हणजे इतिहास विचारू नका म्हणणाऱ्यांनीच पाण्याच्या इतिहासाची सगळ्यात कडक नोंद ठेवली. हे सारं केल्यावरच ‘गुणवत्ता बघा’ असं म्हणायचा अधिकार त्यांना मिळाला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६८ मध्ये विंडहूक दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीखाली होतं. शहरातल्या काळ्या लोकांची जुनी वस्ती, ‘ओल्ड लोकेशन’, उठवायचा हुकूम त्याआधीच निघाला होता. डिसेंबर १९५९ मध्ये लोकांनी विरोध केला तेव्हा पोलिसांनी गोळ्या घातल्या. लोकांना शहराबाहेर नेऊन बसवलं, त्या जागेला त्यांनी नाव दिलं काटुटुरा, म्हणजे जिथे आम्हाला राहायचं नाही ती जागा. जुनी वस्ती कायमची बंद झाली तीही १९६८ मध्येच. पाण्याचा जन्म विचारू नये असं विज्ञान ज्या वर्षी सिद्ध करत होतं, त्याच वर्षी तेच शहर माणसांचा जन्म विचारून त्यांना कुठे झोपायचं ते सांगत होतं.

आपण हे वाचून हळहळायला मोकळे नाही. आपल्याकडे पाण्याचं कूळ विचारण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं ओंजळीने पाणी प्यायली. तळं नगरपालिकेचं होतं, सार्वजनिक होतं, सर्वांना खुलं असल्याचा ठरावही आधी झालेला होता. त्यानंतर सनातनी मंडळींनी तळं ‘शुद्ध’ केलं. कसं? शेण, गोमूत्र, दूध, दही असं मिसळून १०८ घागरी तळ्यात ओतून. आज प्रयोगशाळेतल्या कुठल्याही पोराला हा प्रकार सांगा. शुद्धीकरणाआधीच्या आणि नंतरच्या नमुन्यात कोणता प्यायलायक होता, हे त्याला तपासायचीही गरज पडणार नाही. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात शाबित व्हायला १९३७ साल उजाडलं.

शुद्ध आणि स्वच्छ हे आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत आणि दोहोंत भांडण झालं की जिंकतो शुद्ध. सोवळ्यात भरलेला हंडा गढूळ असला तरी चालतो. त्यामुळे सांडपाण्याचा विषय निघाला की आमच्याकडची शहाणी माणसं लगेच म्हणतात, लोकांची मानसिकता बदलायला हवी. परिसंवादात हे वाक्य हमखास येतं, त्यानंतर चहा येतो.

मला हे निदान अर्धंच पटतं. आजींच्या प्रश्नात सोवळं होतं, नाही कसं. पण त्यात आणखीही काही होतं. माणसाला गुण पाहायला मिळाला नाही की तो कूळ विचारतो. लग्न जुळवताना मुलाचा स्वभाव चार तासांत कळत नाही म्हणून घराणं विचारतात, तसंच हे. पाण्यातले जंतू दिसत नाहीत, जड धातू दिसत नाहीत, नायट्रेटला रंग नाही. दिसतो तो फक्त पाण्याचा पूर्वेतिहास. ज्यांच्या हातात आकडे आहेत ते आकडे दाखवत नाहीत आणि मग लोकांना अडाणी म्हणतात. माझं म्हणणं एवढंच आहे की महाराष्ट्रातल्या शहरांचा सांडपाण्याचा प्रश्न आधी तपासणीचा आणि उघड हिशेबाचा आहे, मग यंत्रांचा आणि सगळ्यात शेवटी मानसिकतेचा. आणि हा हिशेब जे शहर देत नाही, त्याला नवं धरण मागायचा हक्क नाही.

यंत्रांचा प्रश्न पहिला नाही असं मी का म्हणतो? कारण ही विद्या शंभर वर्षांहून जुनी आहे. १८९७ च्या सुमारास मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैलापाण्याच्या टाकीवर झाकण बसवून गॅस गोळा केला जात होता आणि पुढे त्यावर इंजिन चाललं. समाजाने ज्यांना स्पर्शातून वगळलं त्यांच्या विष्ठेतून मुंबईला जैववायू मिळाला, हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मग १९१४. मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी मैलापाण्याच्या बाटलीत हवा सोडायला सुरुवात केली. पाणी निवळायला कित्येक आठवडे लागले. पण त्यांनी तळाला बसलेला गाळ फेकला नाही. त्याच गाळावर नवं मैलापाणी ओतलं, पुन्हा हवा सोडली. पुन्हा, पुन्हा. दर खेपेला वेळ कमी होत गेला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. गाळात कोट्यवधी जिवाणू वाढले होते आणि त्यांना जेवण आणि प्राणवायू एवढंच हवं होतं. आज जगातली बहुतेक सांडपाणी केंद्रं याच तत्त्वावर चालतात. या दोघांना कामाची दिशा देणारे गिल्बर्ट फाउलर पुढे दोनच वर्षांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे ही विद्या आपल्या दारात पोचायला फार तर एका जहाजाचा उशीर झाला.

मँचेस्टर कापडाचं शहर होतं. आपल्याकडे महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणवून घेणारं शहर इचलकरंजी. तिथे काय झालं ते बघा. पंचगंगा शहराच्या अंगाला लागून वाहते. वरून कोल्हापूरचं मैलापाणी येतं, वाटेत साखर कारखाने, खाली आल्यावर इचलकरंजीतल्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसचं रंगीत पाणी. २०१२ मध्ये शहरात काविळीची मोठी साथ आली, माणसं गेली. मग शहराने दुसरी नदी शोधली. वारणेतून पाणी आणायची योजना झाली तर दानोळीसह वारणाकाठ उभा राहिला. ती बारगळली. मग दूधगंगेतून सुळकूड योजना आली, तर कागल तालुक्यातली गावं रस्त्यावर उतरली. शहरात मोर्चे पाण्यासाठी, गावात मोर्चे पाणी न देण्यासाठी.

शहरातल्या लोकांना गावकरी आडमुठे वाटतात. मला नाही वाटत. गावकऱ्यांचा प्रश्न आजींसारखाच आहे, फक्त उलटा. आजी विचारतात, हे पाणी कुठून आलं? दूधगंगेकाठचा शेतकरी विचारतो, हे पाणी कुठे जाणार? तुम्ही दारातली नदी नासवलीत, आता आमची नेऊन तिचं काय करणार? या प्रश्नाला उत्तर म्हणून शहराकडे दाखवायला एक कागद असायला हवा होता. आमचं एवढं सांडपाणी तयार होतं, एवढं आम्ही साफ करतो, एवढं प्रोसेसला परत देतो, हे रोजचे आकडे. असा कागद घेऊन कोणी त्या गावात गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

राज्याचे आकडे मात्र आहेत, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये काढलेले. महाराष्ट्रातल्या शहरांत रोज ९,१०७ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं. बांधून ठेवलेल्या केंद्रांची क्षमता ६,८९० दशलक्ष लिटर. प्रत्यक्षात त्यातून जातं ४,२४२ दशलक्ष लिटर. पहिल्या दोन आकड्यांतल्या फरकावर भाषणं होतात, टेंडरं निघतात, कोनशिला बसतात. मला दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातली दरी जास्त छळते. अडीच हजार दशलक्ष लिटरहून जास्त क्षमता बांधून तयार आहे आणि तिच्यातून पाणी जात नाही. कुठे केंद्रापर्यंत गटारच आलेलं नाही. कुठे पंप जळालाय. कुठे वीजबिल भरलेलं नाही. आमच्या तळघरात जे झालं तेच, फक्त मोठ्या आकड्यात. बांधकामाला फीत असते, चालवण्याला नसते.

आता नागपूर. नागपूरचं नाव घेताना मला नेहमी बरं वाटतं, विदर्भाबद्दल बरं काही सांगायची संधी फार वेळा येत नाही. शहराला पाणी पेंच धरणाचं. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रंही पाण्यासाठी त्याच खोऱ्याकडे बघणारी. कोळसा जाळून वीज करायची तर वाफ थंड करायला पाणी अफाट लागतं. २००८ मध्ये महापालिका आणि राज्याची वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती यांच्यात करार झाला की भांडेवाडीला येणारं मैलापाणी साफ करून वीजकेंद्राला द्यायचं. सुरुवात १३० दशलक्ष लिटरची, पुढे ती वाढली. महानिर्मिती त्यासाठी पैसे मोजते. पेंचचं तेवढं पाणी मोकळं होतं. पुढे २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात तर नियमच आला की सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्राने साफ केलेलं मैलापाणीच वापरायचं.

हे का चाललं, यावर मी बराच विचार केलाय. नागपुरात १९५८ पासून सांडपाण्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आजचं नीरी, म्हणून? संशोधनाचं वातावरण असणं चांगलंच, पण नीरी असतानाही नाग नदी कित्येक दशकं नाला होऊन वाहतेच आहे. माझ्या मते खरं कारण गिऱ्हाईक आहे. वीजकेंद्राला पाण्याचं कूळ विचारायचं नसतं. तिथला रसायनतज्ज्ञ नमुना घेतो आणि क्षार किती, सिलिका किती, फॉस्फेट किती ते बघतो. आकडा चुकला तर नळ्यांवर थर बसतो, कोट्यवधींचं नुकसान होतं. म्हणून तो फोन उचलतो आणि बोंबलतो. ज्याच्याकडे तपासायचं साधन आहे, नाकारायची ताकद आहे आणि ज्याच्या बोंबेचा उपयोग होतो असा गिऱ्हाईक मिळाला की सांडपाणी केंद्र आपोआप नीट चालतं. नवी मुंबईतही हेच दिसतं. कोपरखैरणे आणि ऐरोलीला प्रत्येकी २० दशलक्ष लिटरची पुढच्या टप्प्याची केंद्रं उभी राहिली ती ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना पाणी विकण्यासाठी.

याच्या शेजारी पुणं ठेवून बघा. खडकवासल्यातून वाट्याहून जास्त पाणी उचलतो, त्याची भरपाई म्हणून पुण्याने मुंढव्याला जॅकवेल बांधली. मुळा-मुठेतलं पाणी तिथून उचलायचं, जुन्या मुठा कालव्यात, लोक ज्याला बेबी कॅनॉल म्हणतात त्यात, टाकायचं आणि हवेली-दौंडच्या शेतीला द्यायचं. वर्षाला साडेसहा टीएमसीचा, म्हणजे साडेसहा अब्ज घनफुटांचा वायदा. कागदावर हा पुनर्वापराचा आदर्श नमुना आहे. पण मुंढव्यापर्यंत येणाऱ्या मुळा-मुठेत साफ केलेलं आणि न केलेलं पाणी एकत्रच वाहतं. कालव्यावरचे शेतकरी वर्षानुवर्षं तक्रार करतात, पाण्याला वास येतो, फेस येतो, विहिरी बिघडल्या, अंगाला खाज सुटते. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नाही. नकार द्यायचा तर पीक जळतं.

तेव्हा ‘पुनर्वापर’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळे व्यवहार चालतात. जो तपासू शकतो त्याला चांगलं पाणी, आणि जो तपासू शकत नाही त्याला जे उरेल ते. धोरणाच्या कागदात दोन्ही दशलक्ष लिटर एकाच रकान्यात मिळवले जातात. माझी मागणी अशी की शेतकऱ्याला मिळणाऱ्या पाण्याचीही तपासणी शहराच्या खर्चाने, शेतकऱ्यांनी निवडलेल्या प्रयोगशाळेत व्हावी आणि आकडा चुकला तर शहराने त्या दिवसाचं पाणी दिलं असं धरू नये. वीजकेंद्राला मिळणारा हक्क दौंडच्या ऊसवाल्याला मिळाला की पुण्यातली केंद्रं कशी पळू लागतात ते बघा. ऊस मुळात एवढा लावावा का, हा वेगळा वाद आहे, तो मी आज टाळतोय.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही, कारण तो खरा आहे. शहराने सगळं सांडपाणी पुन्हा वापरलं तर खालच्या माणसाला काय उरणार? पुण्याचं मैलापाणी शेवटी भीमेतून उजनीत जातं. घाणेरडं असतं, पण पाणी असतं, सोलापूर त्यावर जगतं. पुण्याने ते अडवून कारखान्यांना विकलं आणि वर खडकवासल्याचा वाटाही तसाच ठेवला तर त्याला पुनर्वापर म्हणणं लबाडी आहे. ती नवी उचल झाली. म्हणून अट अशी हवी की शहर जितकं पाणी फिरवून वापरेल तितका त्याचा धरणातला वाटा कागदोपत्री कमी व्हावा. २००५ च्या कायद्याने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे, पाण्याचे दर आणि वाटे हाच त्याचा विषय आहे. हे काम त्याने करायचं. वाटा कमी होणार म्हटल्यावर शहरं पुनर्वापरच करणार नाहीत, असं मला एका अभियंता मित्राने सुनावलं. त्याचं म्हणणं निव्वळ खोटं नाही. पण मग ज्याला शहरं आज पुनर्वापर म्हणतात ते नेमकं काय आहे, हे तरी त्यामुळे उघड होईल.

खर्चाचा मुद्दाही काढला जातो, की वीज फार लागते. लागते, कारण जिवाणूंना हवा हवी आणि हवा ब्लोअर देतो. पण दूरवरच्या धरणातून पाणी डोंगर चढवून आणायलाही वीज लागते, त्याचं बिल मात्र कोणी सभेत वाचून दाखवत नाही.

कारखान्यांचं पाणी मिसळण्याचा धोका याहून गंभीर आहे. विंडहूकने जे पहिल्या दिवशी केलं ते आपण अजून केलेलं नाही. रंगाचं, आम्लाचं, धातूचं पाणी रात्री गटारात सोडलं की गाळातले जिवाणू मरतात आणि शंभर वर्षांची विद्या एका रात्रीत निकामी होते. केंद्र चालवणारा माणूस सकाळी येतो तेव्हा टाकीवर पांढरा फेस असतो आणि दोष त्याच्यावर येतो.

त्या माणसाबद्दल कोणी बोलत नाही. मैलापाण्याशी ज्यांचा हात लागतो ते कोण असतात आणि त्यांना पगार किती असतो, हे पाहिलं की महाडचं तळं फार लांब राहत नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख ठरवली. भरपाई वाढवावी लागते याचाच अर्थ माणसं अजून आत उतरताहेत. ज्या कामाला आपण हलकं समजतो ते हलक्या पगारावर, कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडून करून घेतो आणि मग केंद्र चालत नाही म्हणून परदेशी तंत्रज्ञान मागवतो. माणसाचं कूळ विचारायची सवय इथेही येऊन बसली आहे.

मुंबईचं सांगून हा विषय संपवतो. मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर अशा सात ठिकाणी मिळून २,४६४ दशलक्ष लिटरची नवी केंद्रं उभी राहत आहेत, खर्च हजारो कोटींचा. त्याच वेळी गारगाई धरणाची मागणीही जिवंत आहे. त्यातून मिळणार ४४० दशलक्ष लिटर. त्यासाठी वाड्याच्या जंगलातली आदिवासी गावं उठणार, लाखो झाडं जाणार. हे दोन आकडे कोणी शेजारी मांडून विचारत नाही की सात केंद्रांतून जे पाणी निघेल त्याच्या पाचव्या भागाला गिऱ्हाईक शोधलं तर गारगाई लागते का? मुंबईच्या धरणांखाली ज्या शहापूर तालुक्याची जमीन गेली तिथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातात. त्या बायका टँकरमागे पळतात तेव्हा त्यांनाही कोणी सांगत नाही की त्यांच्या डोंगरातलं पाणी दादरच्या फ्लशमधून एकदाच जाऊन समुद्रात पडतं. पिण्याचं पाणी मैलापाण्यातून करा असं मी म्हणत नाही, विंडहूकसारखी शिस्त आल्याशिवाय तर अजिबात नाही. फ्लश, बांधकाम, रस्ते धुणं, रेल्वेचे डबे धुणं, कारखान्यांचं थंड करायचं पाणी, एवढं जरी धरणाच्या पाण्यावरून उतरवलं तरी वाड्याची गावं जागेवर राहतात का, हे मोजून दाखवा. मोजून दाखवलं आणि उत्तर ‘नाही’ आलं तर मी गारगाईच्या बाजूने लिहीन. पण मोजायच्या आधी नाही.

आमची सभा पुन्हा भरली ती जूनमध्ये, पाऊस लांबल्यावर. ठराव दोन मतांनी मंजूर झाला. एसटीपी चालवायला एक मुलगा ठेवला, लातूरकडचा, आयटीआय झालेला. तो रोज सकाळी लिटरभराच्या काचेच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी भरतो आणि अर्धा तास ठेवून गाळ कुठल्या खुणेपर्यंत बसला ते बघतो. त्याने आर्डर्न आणि लॉकेट ही नावं ऐकलेली नाहीत, पण बाटली तीच आहे. गाळाचा रंग चॉकलेटी हवा, काळा पडला तर हवा कमी पडतेय, हे त्याला वासावरूनही कळतं. मग तो गावाकडे ग्रामपंचायतीत करतात तशी ओटी टेस्ट करतो, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, तेवढं क्लोरीन आहे. सुरुवातीला हे सगळं एका वहीत लिहिलं जायचं आणि वही सेक्रेटरींच्या कपाटात.

ती वही मी लिफ्टशेजारच्या फळ्यावर आणवली, एवढंच माझं कर्तृत्व. तारीख, गाळ, क्लोरीन, ब्लोअर किती तास. महिन्यातून एकदा बाहेरच्या प्रयोगशाळेचा कागद. पहिले पंधरा दिवस कोणी बघितलं नाही. गणपतीच्या आधी दोन दिवस मी लिफ्टची वाट बघत उभा होतो, तर चौथ्या मजल्यावरच्या आजी फळ्यासमोर चष्मा पुसत थांबलेल्या.

“काल ब्लोअर फक्त सहा तास?” त्यांनी मला विचारलं. “त्या पोराला विचारा बरं, लाइट गेली होती की झोपला होता.”